खडकमाळची पडद्यावरची बारी

दोन हजार सहाच्या संक्रांतीपर्यंत मंगलच्या टीममध्ये एकूण चौदा माणसं आली होती आणि चौदा गेली होती. आवक-जावक अगदी चोख. फक्त टीम नव्हती.

मंगल मंचरच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. दुपारी दोन ते चार तिथं बॅच नसायची. त्या वेळात ती मोटारींच्या शर्यतीचा एक परदेशी गेम उघडून त्यातल्या मोटारी काढायची आणि त्या जागी बैलगाडे बसवायची. तयार गेममधली चित्रं, आवाज, आकडे बदलून आपला वेगळाच गेम करायचा, याला बाहेरच्या देशांत मोडिंग म्हणतात आणि त्यासाठी तिकडं वीस-वीस जणांच्या टीम असतात. पिंपरी पेंढारच्या पुढं कच्च्या रस्त्यावर असलेल्या तिच्या खडकमाळ गावात याला 'गेणूची पोरगी क्लासात कायतरी करती' असं म्हणत.

टीम कशी जमवावी हे तिनं इंटरनेटवर वाचलं होतं. काम नेमकं लिहा, अनुभव विचारा, कामाचे नमुने मागा, पगार नाही हे आधीच सांगा. मंगलनं तशी जाहिरात लिहिली आणि क्लासच्या दारावर आणि एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाडीवर लावली. पहिल्या उमेदवारानं विचारलं, "पगार न्हाई ते समजलं. पन दरसाल वाढ किती?" दुसऱ्यानं नमुना म्हणून चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका आणली, तिचा रंग त्यानं स्वतः पसंत केला होता. तरी मंगलनं सगळ्यांना घेतलं आणि कामं ई-मेलनं पाठवली. पाचव्या दिवशी कळलं की चौदा जणांत ई-मेल एकाचाच आहे, त्याचा पासवर्ड त्याच्या दाजींना ठाऊक आहे आणि दाजी सुरतेला असतात.

टीम अशी शांतपणे विरून गेली. भांडण नाही, तंटा नाही. रस्त्यात भेटले की चौदाही जण तिला नमस्कार करत.

फाल्गुनात तालुक्यात लाळ्या-खुरकूत आली. जनावरांच्या डॉक्टरांनी गावोगाव सांगितलं, यंदा बैल एका जागी जमवायचे नाहीत. खडकमाळच्या भैरोबाची यात्रा चैत्रात. यात्रेतून बैलगाडा काढला तर मागं उरतो पाळणा, भेळ आणि पाहुणे. पाहुण्यांना तर बैलगाड्यासाठीच बोलावलेलं असतं.

देवळात बैठक बसली. कमिटीचे अध्यक्ष हौशीराम, तालेवार बागायतदार, चार पळाऊ बैलांचे मालक. ते खाली मान घालून बसले होते, म्हणून सगळेच खाली मान घालून बसले होते. तेवढ्यात मंगलचे वडील गेणूआण्णा उभे राहिले. आण्णा बावीस वर्षं घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढणीवर, झेंडा पाडायचे. त्यांचा झेंडा पडला की गाडा सुटायचा. हे काम हातानं होत असल्यामुळं बावीस वर्षांत ते एकाही बैठकीत बोलले नव्हते. आज बोलले.

"आमच्या मंगलकडं गाडे हायेत. कॉम्प्युटरात. त्यास्नी खुरकूत व्हत न्हाई."

पुजाऱ्यानं वाजणारी घंटा हातात धरून ठेवली.

"पळत्यात का?" हौशीरामनं विचारलं.

"पळत्यात."

"कोन म्हनलं?"

"मी म्हनतो. पडद्यावर पळवून दावतो. न्हाई पळलं तर फुडल्या सालापास्नं झेंडा दुसऱ्याच्या हातात द्या."

आण्णांनी ते गाडे कधीही पाहिलेले नव्हते.

संध्याकाळी मंगलनं हे ओसरीवर ऐकलं. "आण्णा, माझ्याकडं एक बैल हाय. त्याला पाय न्हाईत. खाली मोटारीची चाकं हायेत अजून."

"मग पाय लाव."

"छत्तीस दिवसांत? एकटीनं? मानसं लागत्यात आण्णा. चौदा आली, चौदा गेली."

"तू त्यास्नी आल्या आल्या काय दिलं?"

"काम."

आण्णांनी तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी नजर त्यांनी ती पाचवीत गणितात नापास झाली तेव्हाही टाकली नव्हती. "आगं, आधी नारळ द्यायचा असतो."

खडकमाळला यात्रेचं कुठलंही काम सांगायचं तर आधी त्या माणसाच्या घरी जाऊन हातात नारळ ठेवायचा. एकदा नारळ घेतला की माघार नाही. ताप आला तरी माणूस गोधडी पांघरून पाणी वाढायला येतो. एका साली नारळ घेतलेल्या माणसाच्या बायकोची नेमकी यात्रेदिवशी सुटका झाली. तो बारशाचं आमंत्रण देतादेताच मांडवाच्या दोऱ्या बांधत होता. इंटरनेटवरच्या त्या लेखात नारळाचा उल्लेखच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंगल पिशवीभर नारळ घेऊन निघाली.

पहिला गोरख पेंटर. टेम्पोच्या पाठीवर मोर, कमळ आणि 'आईचा आशीर्वाद' काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं नारळ घेतला आणि म्हणाला, "बैलं काढतो ताई. पन पयला गाडा माझा." दुसरा बहिरू, ट्रॅक्टरचा मेकॅनिक. गाडा दगडावर कसा उसळतो ते आकड्यात सांगायला तो हवा होता. तो म्हणाला, "गोरख्याचा गाडा हाय म्हनल्यावर माझा न्हाई आसं कसं चालंल?" ही अट दुपारपर्यंत गावभर झाली. शेवटी मंगल हौशीरामकडं गेली. त्यांनी नारळ कानाशी धरून हलवून पाहिला, पाणी असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "मी अध्यक्ष हाय. मी काम करनार न्हाई. मी चुका काढनार."

"त्याला टेस्टिंग म्हनत्यात काका. लई महत्त्वाचं काम."

"आसंल. आन माझा गाडा?"

दहा नारळ गेले, दहा माणसं झाली, दहा गाडे झाले. अकरावी मिळाली ती कांद्याच्या वावरात. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या डोंगरातून टोळी काढणीला आली होती, तिच्यात सरूबाई होती. वावराच्या टोकाला गेलेल्या जावेला तिनं एक हाळी दिली. ती हाळी वावर ओलांडून, ओढा ओलांडून फाट्यावर गेली आणि तिथं एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. घाटावर गाडा सुटताना लाउडस्पीकरवरून 'भिर्रर्र' अशी जी आरोळी देतात, तिच्यासाठी मंगल केव्हाची आवाज शोधत होती. तिनं तिथंच नारळ पुढं केला.

सरूबाई म्हणाली, "वरडते की. त्याला नारळ कशाला? पन म्या ऐकलं, नारळ घेनाऱ्याचा गाडा आसतो. माझी बैलं शर्यतीची न्हाईत बाय. भाताच्या खाचरात चिखल तुडवत्यात. दोनच हायेत."

"चालंल," मंगल म्हणाली.

"चालत्यातच. पळत न्हाईत."

मग रोज दुपारी गावातून मंचरच्या बाजाराला कांदा नेणाऱ्या टेम्पोत, गोण्यांवर बसून, टीम क्लासला येऊ लागली. कांद्याचा वास, डोक्याला उपरणी, आणि दारात अकरा जोडी चपला. मंगलनं दोनच नियम केले. माउसला तंबाखूचा हात लावायचा नाही. आणि दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची तर आधी स्वतःचं दाखवायचं. दुसऱ्या नियमानं पहिले आठ दिवस क्लासात कमालीची शांतता होती.

गोरखनं बैल काढले. पहिल्या बैलाचे डोळे इतके सुंदर झाले की हौशीराम म्हणाले, "ह्याला गाड्याला नगं, लग्नाला उभा कर." बैलाचे पाय मात्र कुणालाच जमेनात. पुढचा उजवा उचलला की मागचा कुठला उचलतो, यावर बहिरू आणि हौशीराम यांच्यात वाद झाला. बोलून मिटेना, म्हणून दोघं क्लासच्या फरशीवर चार पायांवर उतरले आणि टेबलांमधून पळू लागले. गोरख एका-एका पावलाचं चित्र काढत मागं मागं. चारची बॅच दहा मिनिटं आधी आली. टायपिंग शिकायला आलेल्या पोरींनी दारातून पाहिलं, की गावचे अध्यक्ष डुरकत आहेत आणि मंगलमॅडम शेजारी उभ्या राहून म्हणत आहेत, "काका, शेवटचं पाऊल पुन्यांदा."

पण त्या दिवशी पडद्यावर बैल पळाला. खरा पळाला, मान खाली घालून, खांदे हलवत. अकराही जण तो बघत उभे राहिले.  बहिरूनं गुडघे चोळले आणि म्हणाला, "माझा गुडघा हाय त्यात." ते खरंच होतं. मंगलला वाटलं, याहून चांगली टीम परदेशातही कुणाकडं नसेल; तिकडं वीस जण असतील, पण गुडघे कुणाचे फुटले असतील?

प्रत्येकाला काम आपलं वाटावं म्हणून मंगलनं प्रत्येकाच्या गाड्याची एक वेगळी फाइल केली. तिच्यात बैलांची नावं, रंग, वजन आणि वेग. ज्याची फाइल त्यानं लिहायची, ज्याची त्यानं सांभाळायची. माणसांवर विश्वास टाकावा, हे तिनं वाचलेलंही होतं आणि तिला पटलेलंही होतं.

यात्रेच्या आदल्या दुपारी घाटाच्या पायथ्याला मांडव पडला. क्लासचा कॉम्प्युटर आला, भाड्याचा प्रोजेक्टर आला, तंबूचं कापड ताणून पडदा झाला. मांडवात अंधार करून टीम पुढं बसली. आण्णा पडद्याशेजारी झेंडा घेऊन उभे. चाचणी होती, तरी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं.

पहिली बारी, म्हणजे पहिली पाळी, गोरखची. आण्णांनी झेंडा पाडला. सरूबाईचा आवाज कडाडला, "भिर्रर्र!" आणि पडदा रिकामा दिसला. खाली आकडा उमटला: शून्य पॉइंट चार सेकंद.

"कुटं गेलं?" आण्णांनी विचारलं.

दुसरी बारी बहिरूची. शून्य पॉइंट दोन. तिसरा गाडा सुटायच्या आधीच पोचला. हौशीरामचे बैल घाट संपल्यावर थांबले नाहीत. ते देवळावरून, डोंगरावरून, गेममधलं आभाळ संपतं तिथून पलीकडं गेले. दहाव्या गाड्याला कॉम्प्युटरनं मान टाकली.

मंगलनं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि दहाही फाइली उघडल्या. तिनं वेगाच्या जागी सगळ्यांना नमुन्याला बारा लिहून दिले होते. गोरखचे चारशे होते. बहिरूचे नऊशे. हौशीरामच्या फाइलीत नवाचा आकडा ओळीच्या शेवटापर्यंत गेला होता आणि खालच्या ओळीत उतरला होता.

"हे कुनी केलं?"

दहाही जणांनी मांडवाच्या छताकडं पाहिलं.

"म्या जरा खुराक वाढवला," बहिरू म्हणाला. "यात्रा तोंडावर आली म्हनून."

"आभाळापल्याड कुनाला पळवायचंय?" हौशीराम म्हणाले. "पन गोरख्यानं चारशे केलं आसं कळलं. मग आपुन अध्यक्ष असून बारावर ऱ्हायाचं का?"

मंगलनं डोळे मिटून विचार केला. तिनं फाइलींची अदलाबदल केली. बहिरूची गोरखला, गोरखची बहिरूला, हौशीरामची टीममधल्याच त्यांच्या सख्ख्या चुलतभावाला. स्वतःच्या बैलाला माणूस लाडावतो. दुसऱ्याच्याला तरी रास्त आकडा देईल. अर्ध्या तासानं पुन्हा बारी लावली. झेंडा पडला. आरोळी झाली. बैल जागचे हलले नाहीत. दुसरी बारी, तेच. बहिरूचा गाडा तेवढा हलला. तो मागं मागं गेला आणि पडद्याबाहेर निघून गेला.

"उणे सात," गोरख म्हणाला. "त्याच्या बैलांची मी पाह्यल्याली चाल."

बहिरू उठला. गोरख उठला. हौशीरामनं उपरणं झटकलं आणि म्हणाले, "मंगल, तुझा नारळ उद्या सकाळी परत आनून देतो." खडकमाळच्या इतिहासात नारळ परत द्यायची भाषा पहिल्यांदा झाली. मागून आण्णांनी झेंडा काठीला गुंडाळायला सुरुवात केली.  बावीस वर्षांत त्यांनी यात्रेच्या आधी झेंडा कधी गुंडाळला नव्हता.

मंगलला ते बघवलं नाही. तिनं आकडे स्वतः घातले असते, तर एकही जण तिथं थांबला नसता. आपल्या बैलाला दुसऱ्यानं ठरवलेला आकडा खडकमाळला कोणी घेत नाही. त्याच वेळी मांडवात लाउडस्पीकरवाला "हॅलो, चेक" करत होता. देवळाच्या शिखराला एक कर्णा होता, वडाला एक, पाण्याच्या टाकीला एक. मंगलनं त्याच्या हातातून माइक घेतला.

"खडकमाळच्या समद्या लोकांस्नी इनंती," तिचा आवाज गावभर घुमला, "आता आपले गाडामालक आपापल्या गाड्याची खरी येळ सांगनार हायेत. ज्यानं त्यानं सोताच्या तोंडानं सांगायची. पयलं अध्यक्ष."

आणि तिनं माइक हौशीरामच्या पुढं धरला.

हौशीरामनं माइककडं विंचवाकडं बघावं तसं पाहिलं. गावात एरवी काही बोलता येतं. पण कर्ण्यातून बोललेलं सगळे ऐकतात, आणि सगळे घाटावर असतात. त्यांनी घसा साफ केला. तो आवाजही तीन कर्ण्यांतून गेला.

"बारा... पॉइंट एक."

लांब कांद्याच्या वावरातून उत्तर आलं, "कवा वो? तेरा व्हतं! म्या घाटावर व्हतो!"

"तेरा," हौशीराम म्हणाले.

विहिरीकडून दुसरा आवाज आला, "आन पॉइंट?"

"पॉइंट दोन," हौशीराम हळूच म्हणाले, आणि माइक बहिरूकडं असा दिला की जणू तो तापला होता. पण देताना ते हसले. चारचौघांच्या देखत गाड्याच्या वेळेवरून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

बहिरूनं चौदा सांगितलं; वावरांतून कुणी काही बोललं नाही, म्हणजे ते खरं होतं. गोरखनं एका दमात सांगून टाकलं, "पंधरा. आन एकदा घाट सोडून उसात गेलं व्हतं, ते धरू नका."

"धरू का?" मंगलनं विचारलं. "पाच बाऱ्यांत एकदा उसात जातील आसं करता येतं."

गोरखनं थोडा विचार केला. "करा. कुनाचंच तसं न्हाई."

दहा जणांनी आकडे सांगितले, मंगलनं तिथंच लिहिले, मालकानं पाहून मान हलवली की पुढची फाइल. शेवटी सरूबाई. माइकची तिला गरज नव्हती, तरी तिला तो दिला. ती म्हणाली, "माझी पळत न्हाईत. चालत्यात. चार मिनिटं लागतील." शिखरावरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आख्खा घाट माणसांनी भरला. पिंपरी पेंढारचे पाहुणे आले, ओझरहून गाड्या भरून आल्या. 'बैलाबिगर शर्यत' बघायला हसत आले होते सगळे. आण्णांनी झेंडा पाडला. भिर्रर्र झालं. बहिरूचे बैल खांदे हलवत चढणीला लागले आणि पाठीमागून कुणीतरी शिट्टी वाजवली. मग हलगी. मग भंडारा इतका उधळला की मंगलला कॉम्प्युटरवर ओढणी पसरून उभं राहावं लागलं. हौशीरामचे बैल तेरा पॉइंट दोनला पोचले, तेव्हा ते स्वतःच पडद्यापुढं जाऊन पडद्यातल्या बैलांच्या पाठीवर थाप मारून आले. गोरखचा गाडा नेमका यात्रेच्याच बारीला घाट सोडून उसात घुसला, आणि गाव इतकं हसलं, इतकं ओरडलं, की तो दोन्ही हात जोडून चारी बाजूंना वळून नमस्कार करत राहिला. पहिला नंबर हौशीरामच्या त्या चुलतभावाचा आला. हौशीरामनं त्याला फेटा बांधला. गच्च बांधला.

शेवटची बारी सरूबाईची. झेंडा पडला. दोन तांबडे बैल पडद्यावर आले आणि चालू लागले.

हलगी थांबली. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. बैल एक पाऊल टाकायचे, मग दुसरं. अर्ध्या मिनिटानं कुणीतरी म्हणालं, "चालत्यात की वो." मिनिटभरानं पोरं त्यांच्या पावलांबरोबर टाळ्या वाजवू लागली. दोन मिनिटांनी अख्खा घाट वाजवत होता. तिसऱ्या मिनिटाला एक बैल थांबला; गोरखनं तसं काढलं होतं, कारण सरूबाई म्हणाली होती की तो थांबतो. हजार माणसं श्वास धरून उभी राहिली. बैलानं शेपटी हलवली आणि पाऊल उचललं. चार मिनिटांत एकही माणूस जागचा हलला नाही. बैलांनी रेघ ओलांडली तेव्हा जो आवाज झाला, तो खडकमाळच्या घाटावर पळणाऱ्या बैलांसाठीसुद्धा कधी झाला नव्हता. सरूबाई पडद्याकडं बघत म्हणाली, "माझीच हायेत," आणि पदरानं तोंड पुसलं.

हौशीरामनं माइक घेतला. "गेणू," ते म्हणाले, "शब्द पाळलास."  आण्णांचं काम हाताचं. त्यांनी झेंडा उंच केला आणि लेकीच्या हातात दिला, धरायला. बाईमाणसाच्या हातात तो झेंडा पहिल्यांदाच गेला. कुणी काही म्हणालं नाही. सगळे ओरडत होते.

तिसऱ्या दिवशी मंगल क्लासला आली. यात्रा झाली, काम झालं, टीम सुटली, असं तिनं बसमध्ये मनाशी म्हणून घेतलं होतं. दोन वाजता कांद्याचा टेम्पो दारात थांबला. गोरख उतरला, बहिरू उतरला, हौशीराम उतरले, मागून सरूबाई. अकराही जण आत आले आणि आपापल्या जागी बसले.

"आता काय करायचं?" बहिरूनं विचारलं.

मंगलनं त्यांच्याकडं पाहिलं. कुणाच्या हातात नारळ नव्हता, कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं. तिनं कॉम्प्युटर चालू केला. "घोडी राह्यलीय काढायची. गाड्यापुढं पळनारी."

"घोडी म्या पळतो," हौशीराम म्हणाले आणि बाह्या सारून फरशीवर उतरले.

चार वाजता टायपिंगची बॅच आली. एकही खुर्ची रिकामी नव्हती. पोरी दारात थबकल्या.

"आज सतरंजीवर बसा गं," मंगल म्हणाली. "माझी टीम आलीय."